वाढपी

शालनचं वजन अठ्ठावन्न किलोवरून एक्केचाळीसवर आलं, तेव्हा डॉक्टर मुजावरबाईंनी रावसाहेब इंगवल्यांना खोलीत बोलावलं आणि आधी बसायला सांगितलं. आधी बसायला सांगितलं म्हणजे बातमी बरी नाही, एवढं रावसाहेब पाच महिन्यांत शिकले होते.

पाच महिन्यांपूर्वी भाचीच्या साखरपुड्याहून परत येताना मिरजेच्या अलीकडे त्यांची स्कूटर खड्ड्यात उसळली. चालवत होते रावसाहेब. त्यांना खरचटलंसुद्धा नाही. मागं बसलेली त्यांची बायको शालन डोक्यावर आपटली. तेव्हापासून ती डोळे उघडायची, मिटायची, कुणी चिमटा काढला तर हात आखडायची. बाकी काही नाही. म्हैसाळ रस्त्याला अशा रुग्णांचं बारा खाटांचं शुश्रूषा केंद्र होतं. तिथली सात नंबरची खाट तिची.

"काका, मेंदूला एवढा मार लागला की शरीर भट्टीसारखं पेटतं," डॉक्टर म्हणाल्या. "माणूस निपचित पडलेला असतो, पण आतला खर्च पळणाऱ्या माणसाएवढा. त्याला अन्न जास्त लागतं आणि नेमकं तेव्हाच पोट संप करतं. 'ऊठ, अन्न येतंय' असं पोटाला सांगणारी एक लांब नस मेंदूतून खाली उतरते. तिच्यातून निरोपच जात नाही. आपण नळीनं फीड घालतो, ते साठून राहतं, उलटून वर येतं आणि फुप्फुसात जातं. दोनदा न्यूमोनिया झाला तो त्यामुळंच. नळी पुढं आतड्यापर्यंत नेऊन बघितली, शिरेतून देऊन बघितलं. दोन्ही सोसलं नाही."

रावसाहेबांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. "म्हणजे मोटार शाबूत आहे, पण स्टार्टरकडनं करंट येईना," ते म्हणाले.

"अगदी तसंच. आणि तिसरा न्यूमोनिया त्यांना झेपायचा नाही. एक नवीन यंत्र आलंय. लावून बघूया?"

रावसाहेबांनी चार पानांवर सह्या केल्या. वाचलं काहीच नाही. बायको उपाशी असताना कोण वाचत बसतं?

यंत्र सुटकेसएवढं होतं. त्याचं इंग्रजी नाव लांबलचक, म्हणून वॉर्डातल्या मार्था सिस्टरनं त्याला 'वाढपी' म्हणायला सुरुवात केली. "पंगतीत पान बघून वाढतो न्हवं, तसा," ती म्हणाली. त्याच्या नळीच्या टोकाला मोहरीएवढे संवेदक होते. पोटात किती उरलं, पोटाचे स्नायू किती हलले, त्या लांब नसेतून काही निरोप आला का, हे ते क्षणाक्षणाला मोजायचे आणि त्याप्रमाणे फीड कमीजास्त व्हायचं.

तेवढ्यावर थांबला असता तर तो नुसता पंप झाला असता. वाढपी प्रयोग करायचा. धडधाकट माणसाचं पोट घास पडायची वाट बघत नाही. फोडणीचा वास आला, ताटं मांडल्याचा आवाज आला की मेंदू खाली निरोप धाडतो आणि पोट तयारीला लागतं. शालनचा मेंदू असा निरोप अजून धाडू शकतो का, आणि धाडत असेल तर कशानं, हे वाढपी शोधत होता. तिच्या नाकाशी बारीक नळी होती, तिच्यातून वास यायचे. आवाज उशीतून यायचे, ते शेजारी बसलेल्यालाही पुसटच ऐकू यायचे. वाढपी शेकडो जोड्या लावून बघायचा आणि ज्यानं पोट हललं ते लक्षात ठेवायचा. ते का हललं याच्याशी त्याला कर्तव्य नव्हतं.

तीन आठवडे काही घडलं नाही. आल्याचा वास झाला, लसणाची फोडणी झाली, कुकरच्या शिट्या झाल्या. पडद्यावरची हिरवी रेघ तळाला चिकटून राहिली.

मग एका गुरुवारी दुपारी एक वाजून वीस मिनिटांनी रेघ उठली. त्या वेळी वाढपीनं काहीच केलेलं नव्हतं. पडद्यावर अक्षरं आली: कारण अज्ञात. शुक्रवारी पावणेदोनला पुन्हा तेच.

मार्था सिस्टर कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "मामा, खरं सांगा. त्या वेळी तुम्ही हितं काय करत होता?"

रावसाहेब चोरासारखे झाले. वॉर्डात खायला बंदी होती. "जेवत होतो. पडद्याआड."

"काय जेवलासा?"

"भाकरी. खर्डा. बुक्कीनं फोडलेला कांदा."

"तरी म्हटलं कांद्याचा वास कुठनं येतोय! मी उगीच त्या सफाईवाल्या बाईला बोलले."

डॉक्टर रागावल्या नाहीत. त्यांनी दुसऱ्या दिवशी उघडा डबा शालनच्या उशाशी ठेवला. रेघ हलली नाही. मार्था सिस्टरनं तिथं बसून भाकरी खाल्ली, खर्ड्यानं तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, रेघ हलली नाही. मग रावसाहेबांना जेवायला बसवलं. चार माणसं टक लावून बघताहेत आणि आपण भाकरी चावतोय, असा प्रसंग त्यांच्यावर लग्नातसुद्धा आला नव्हता. ते खात होते तोवर काही झालं नाही. शेवटचा घास झाला. त्यांनी ताटातच हात धुतला, ताट पुढं सरकवलं, आणि सवयीनं मोठा ढेकर दिला.

रेघ उठली आणि चढत गेली.

"ढेकर?" डॉक्टर मुजावर पडद्याकडं बघत राहिल्या. मार्था सिस्टर तोंडाला रुमाल लावून बाहेर पळाली.

रविवारी त्यांची मुलगी ऋतुजा आली. ती कऱ्हाडला कॉलेजात शिकवायची. रावसाहेबांनी तिला ही गंमत रंगवून सांगितली, पण ती हसली नाही.

"अण्णा, आईला तुमच्या आधी जेवताना कधी बघितलंय?"

रावसाहेबांनी आठवून बघितलं.

"मी बघितलेलं नाही," ऋतुजा म्हणाली. "शेजारच्या बायका तिला हसायच्या. आता कोण असं करतं म्हणायच्या. मी भांडायचे तर म्हणायची, त्यांचं व्हायच्या आधी घास उतरत नाही गं, सवय आहे. आत बसून ती तुमचं ताट सरकायची वाट बघायची."

"मी तिला कधी थांब म्हटलं नव्हतं."

"जेव असं तरी कधी म्हटलंत?"

रावसाहेबांना त्या दुपारी आठवल्या. विहिरीवर मोटार काढायला गेलं की मळेवाला जेवल्याशिवाय सोडायचा नाही. चार वाजता घरी येऊन ते म्हणायचे, मी जेवून आलोय, आणि आडवे व्हायचे. मग डोळा लागता लागता स्वयंपाकघरातून ताट घेतल्याचा आवाज यायचा. चौतीस वर्षं तो आवाज त्यांनी ऐकला होता. खिशात फोन असताना एकदाही केला नव्हता.

त्या दिवसापासून रावसाहेब उपचाराचा भाग झाले. शालनला फीड सकाळी सहा ते रात्री नऊपर्यंत सहा वेळा असायचं, म्हणून रावसाहेबही सहा वेळा जेवायला लागले. केंद्रानं त्यांना बाजूची खोली दिली. वेळ झाली की वाढपी त्यांच्या फोनवर निरोप पाठवायचा: जेवायला बसा. ते बसायचे. शालनचा गळा हलल्यासारखा व्हायचा, रेघ चढायची, फीड खाली उतरायचं. महिन्याभरात ती त्रेचाळीस किलो झाली, तीन महिन्यांत सेहेचाळीस. गालांत खड्डे होते ते भरले. रावसाहेब येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "मी जेवतो आणि तिच्या अंगाला लागतं."

वाढपी मात्र शिकायचा थांबला नव्हता. खाटेवर त्याचा एक कॅमेरा होता, तो आता शालनपेक्षा रावसाहेबांवर जास्त असायचा. त्यांनी दोन भाकरी खाल्ल्या तर शालन जास्त घेते, हे त्याच्या लक्षात आलं. मग निरोप यायला लागले: आणखी अर्धी. सावकाश चावा. कांदा घ्या. रावसाहेबांचं पोट भरलेलं असायचं, पण ते घ्यायचे. एकदा अगदीच जाईना, तेव्हा त्यांनी नुसतं तोंड हलवलं, रिकाम्या ताटात पाणी ओतलं आणि खोटा ढेकर दिला. रेघ जागची हलली नाही. शालनला फसवता येत नाही, याचं त्यांना त्या दिवशी कौतुकच वाटलं.

पायाच्या अंगठ्याला झालेली जखम भरेना, तेव्हा डॉक्टर मुजावरांनी त्यांचं रक्त तपासलं. शुगर तीनशे ऐंशी.

"ते यंत्र आईला पोसतंय का तुम्हाला?" ऋतुजा फोनवर ओरडली.

"मला उशीर झाला तर तुझी आई उपाशी राहते."

"आणि तुम्ही मेलात तर?"

चार दिवसांनी त्यांना ताप भरला आणि सांगलीच्या दवाखान्यात न्यावं लागलं. अंगठा काढला. बावीस दिवस ते तिथं पडून होते. सहा वेळा वेळ व्हायची आणि ते घड्याळाकडं बघायचे. ऋतुजाला म्हणायचे, आता तिची रेघ खाली पडली असेल. ऋतुजा म्हणायची, सगळं ठीक आहे. आजारी माणसाला असंच सांगतात, म्हणून त्यांनी विश्वास ठेवला नाही.

तेविसाव्या दिवशी काठी टेकत ते वॉर्डात शिरले. पहिल्यांदा त्यांनी खाटेच्या पायाशी लिहिलेलं वजन बघितलं. अठ्ठेचाळीस.

त्यांनी आकड्यावर बोट ठेवून तो पुन्हा वाचला. मग त्यांनी मार्था सिस्टरकडं बघितलं. ती चादर नीट करायला लागली, खरं तर चादर नीटच होती.

"कसं काय, सिस्टर? कोण जेवत होतं हितं?"

"बसा मामा. एक वाजत आलाय. कळंल तुम्हाला."

एक वाजला. शालनच्या नाकाशी असलेल्या नळीतून बारीक फुसकारा निघाला. रावसाहेब वाकले. कांद्याचा वास होता आणि त्याच्या मागं आणखी एक वास, तंबाखू सोडल्यावरही न गेलेला, त्यांच्या स्वतःच्या तोंडाचा. त्यांनी उशीला कान लावला. आत कुणीतरी भाकरी मोडत होतं, चावत होतं. डाव्या बाजूनं चावत होतं, कारण उजवी दाढ पडली आहे. ताटात पाणी पडलं. ताट सरकलं. ढेकर आला.

शालनचा गळा हलला. रेघ उठली.

रावसाहेबांनी सकाळपासून काही खाल्लेलं नव्हतं.

डॉक्टर मुजावरांनी काही लपवलं नाही. "आम्ही त्याला सांगितलं नव्हतं, काका. तुम्ही गेल्यावर दोन दिवस रेघ पडली. तिसऱ्या दिवशी त्यानं साठवलेल्या नोंदींतून हे जुळवलं. पहिल्यांदा जमलं नाही. चोविसाव्या खेपेला जमलं. नोंदीची परवानगी तुमच्या पहिल्या सहीतच होती."

"मी खोटं केलं तेव्हा तिनं ओळखलं होतं."

"तुम्ही एकदाच केलंत. तो शिकत राहतो." त्यांनी एक कागद पुढं केला. "आता सहा वेळा खाणं तुम्हाला झेपणार नाही. एका जेवणानं त्यांचं भागणार नाही. हे चालू ठेवायला संमती लागेल. आणि शेवटचं कलम तेवढं वाचून घ्या."

या वेळी रावसाहेबांनी वाचलं. नातेवाइकाच्या पश्चातही त्याच्या नोंदींचा वापर चालू राहील.

"म्हणजे मी गेलो तरी ती मी जेवलो असंच समजत राहणार?"

"त्यांना काय समजतं ते मला माहीत नाही. पोटाला काय समजतं एवढंच मी मोजू शकते."

रावसाहेबांनी कागद घडी करून खिशात घातला. बाहेर मार्था सिस्टर उभी होती. ती हळूच म्हणाली, "चार नंबरच्या आजी आहेत न्हवं, त्यांचं मालक फेब्रुवारीत गेलं. तिरडी हितनंच गेली. दुपारी फीड लागलं, तेव्हा उशीत म्हातारा जेवत होता. आजींचं वजन दोन किलो वाढलंय मामा. मी त्या उशीचा अभ्रा बदलायला जात न्हाई. दुसरीला पाठवते."

रात्री घरी ऋतुजानं कागद वाचला. "सही करा अण्णा."

"खोट्यावर जगवायची तिला?"

"जन्मभर तिनं खऱ्याची वाट बघितली. काय मिळालं? चार वाजता गार भात."

"एकदा तिला सांगू दे मला. मग करतो सही."

दुसऱ्या दिवशी एकच्या आधी त्यांनी मार्था सिस्टरला गळ घातली. चादर बदलायची म्हणून उशी दहा मिनिटं बंद ठेवता यायची. सिस्टरनं ती बंद केली आणि दाराशी जाऊन उभी राहिली. रावसाहेब खाटेच्या कडेला बसले, शालनच्या कानाशी तोंड नेलं. काय बोलायचं ते रात्रभर ठरवलं होतं, पण ऐन वेळी थोडंच आठवलं.

"शालन, मी हाय. मी जेवलेलो न्हाई. त्या उशीत जेवतो तो मी न्हवं. तू माझ्यासाठी थांबू नको. आज तू आधी जेव, मी थांबतो. ऐकतीस न्हवं?"

तिचे डोळे उघडे होते. पापणी लवली, पण ती एरवीही लवायची. ते पडद्याकडं बघत राहिले. थोडी वर असलेली रेघ खाली यायला लागली. एकेक पायरी उतरावी तशी उतरली आणि तळाला गेली. पोटातलं सकाळचं फीड उलटलं. शालनच्या घशातून घरघर आली, ओठाच्या कडेनं पांढरं पाणी आलं.

"सरका मामा!" सिस्टर धावली. तिनं शालनला कुशीवर केलं, नळीनं घसा साफ केला. शालनचा चेहरा निळा पडला होता. रावसाहेब भिंतीला टेकून उभे होते. या हातांनी दुसऱ्यांदा, एवढंच त्यांच्या मनात आलं.

दहा मिनिटं संपली आणि उशी आपोआप चालू झाली. या वेळी वाढपीनं आवाज वाढवला होता. भाकरी मोडली, चावली, पाणी पडलं, ताट सरकलं. ढेकर आला. रेघ वर गेली, कालच्यापेक्षा वर. शालनचा श्वास शांत झाला.

पडद्यावर अक्षरं आली. सिस्टरनं ती वाचली आणि रावसाहेबांना दिसू नयेत म्हणून पुढं उभी राहिली. पण त्यांनी वाचली होती.

नातेवाईक उपस्थित: अडथळा. फीडच्या आधी व नंतर एक तास भेट टाळावी.

रावसाहेब डॉक्टरांच्या खोलीत गेले. खिशातला कागद काढला, टेबलावर हातानं सपाट केला आणि शेवटच्या कलमासह सगळीकडं सही केली. डॉक्टर काहीतरी चांगलं बोलायला गेल्या. ते म्हणाले, "राहू दे बाई. ती जगू दे."

आता ते रोज साडेबाराला येतात. वॉर्डाला मोठी काच आहे, तिच्या बाहेर बाकडं आहे. तिथं बसायला बंदी नाही. शालन दिसते, पडदा दिसतो, आवाज येत नाही. डॉक्टरांनी त्यांना दुपारी एकच भाकरी सांगितली आहे. दिवसातली पाच जेवणं खोटी असली तरी एक तरी खरं असावं, म्हणून ते एकच्या ठोक्याला डबा उघडतात आणि आतल्याच्या बरोबरीनं पहिला घास घेतात.

पण शुगरनं त्यांचे बरेच दात गेलेत आणि आतला जेवतो तो सात महिन्यांपूर्वीच्या जोमानं. त्याला अकरा मिनिटं लागतात. रावसाहेब घाई करतात. घास अडकतो, ठसका लागतो, पाणी प्यावं लागतं. ते काचेतून बघतात तोवर रेघ उठलेली असते. शालनचा गळा हललेला असतो. आत त्यांचं जेवण झालेलं असतं, आणि बाहेर त्यांच्या हातात अर्धी भाकरी असते.